साडेतीन लाखांचं पॅकेज घ्यायचं का?

पत्र थोडक्यात असं: सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातून एका मैत्रिणीने लिहिलंय. वय ३१, लग्नाला चार वर्षं, पतसंस्थेत नोकरी. गेल्या दीड वर्षात दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा नवव्या आठवड्याच्या आसपास मिसकॅरेज झालं. दुसऱ्या वेळी तर एका सोनोग्राफीत ठोके दिसले होते आणि पुढच्या सोनोग्राफीत नव्हते, मग क्युरेटिंग. आता शहरातल्या एका मोठ्या सेंटरला दाखवतायत. तिथे टॉर्च टेस्ट (रुबेलासारख्या काही इन्फेक्शनांची रक्ततपासणी) पॉझिटिव्ह आली म्हणून गोळ्यांचा कोर्स दिलाय आणि पुढच्या वेळेसाठी पॅकेज सांगितलंय: पहिल्या दिवसापासून प्रोजेस्टेरॉनची (गरोदरपण टिकवणाऱ्या हार्मोनची) इंजेक्शनं, रोज पोटात रक्त पातळ करायचं इंजेक्शन, नवऱ्याच्या रक्तातल्या पेशी काढून तिला टोचायची 'इम्युन थेरपी', आणि हे नको असेल तर सरळ आयव्हीएफ करून गर्भ तपासून घ्या. खर्च साडेतीन लाख. नवरा सोनं तारण ठेवायला तयार आहे. जाऊबाईंना याच सेंटरच्या याच इंजेक्शनांनी मुलगा झाला. सासूबाई म्हणतात स्कूटी आणि पपई नडली, आता नोकरी सोड आणि तीन महिने पलंगावरून उतरू नकोस. शेवटी ती विचारते, "ताई, सगळं करून नाही टिकलं तर निदान केलं तरी म्हणता येईल. पण नाही केलं आणि पुन्हा तेच झालं तर घरचे मला माफ करतील का? आणि मी स्वतःला?"

प्रिय मैत्रिणी,

आधी एक सांगून टाकते, मी डॉक्टर नाही. बायकांच्या आरोग्यावर जे संशोधन होतं ते वाचायचं आणि आपल्या भाषेत सांगायचं एवढंच माझं काम, तेव्हा तुझं कुठलंही चालू औषध माझं वाचून बंद करू नकोस, हे सगळं घेऊन डॉक्टरांसमोर बस आणि विचार. कसं विचारायचं ते पुढे लिहितेच.

तू माफीचं विचारलंयस, म्हणजे कुठेतरी गुन्हा झालाय हे तू धरूनच चाललीयेस. कसला गुन्हा गं? पहिल्या तीन महिन्यांत जे गर्भ जातात त्यातले निम्मे किंवा त्याहून जास्त क्रोमोसोमच्या (पेशीतल्या गुणसूत्रांच्या) गडबडीमुळे जातात. स्त्रीबीज तयार होताना किंवा ते फळताना एखादं क्रोमोसोम जास्तीचं येतं नाहीतर एखादं राहून जातं, असा गर्भ काही आठवडे वाढतो, कधी कधी ठोकेसुद्धा येतात, आणि मग थांबतो. म्हणजे किटवर दोन रेघा दिसायच्या आधीच ते ठरून गेलेलं असतं, त्यानंतर तू स्कूटी चालवलीस काय आणि घरात बसून राहिलीस काय. तुझ्या दोन्ही वेळा नेमकं हेच झालं का ते आता सांगता येणार नाही, कारण क्युरेटिंगनंतर नमुना क्रोमोसोमच्या तपासणीला पाठवल्याचं तू कुठे लिहिलेलं नाहीस. पाठवला असेल तर तो रिपोर्ट आधी शोध, कपाटातल्या सोन्याइतकाच मोलाचा आहे तो.

आणि हे किती जणींना होतं माहितीये? जगभरातले आकडे एकत्र करून बघितले तर कळलेल्या गरोदरपणांपैकी साधारण १५ टक्के असे जातात. म्हणजे तुझ्या पतसंस्थेतल्या, भिशीतल्या, गल्लीतल्या बायकांमधे कितीतरी जणी असतील ज्यांचं झालंय आणि कुणी बोलत नाही, कारण आपल्याकडे तीन महिने सांगायचं नाही आणि गेलं तर मग सांगायचं काय. नॉर्वेमधे चार लाखांवर गरोदरपणांच्या नोंदी तपासल्या होत्या, तो अभ्यास २०१९ ला आला, त्यात पंचविशी ते तिशीच्या बायकांमधे हे प्रमाण सगळ्यात कमी म्हणजे १० टक्के होतं आणि पंचेचाळिशीनंतर ५३ टक्के. तू एकतीसची आहेस. आधी दोनदा झालेलं असलं की पुढच्या वेळची शक्यता वाढते हे खरंय, ते मी लपवणार नाही, पण "आता होणारच नाही" असा त्याचा अर्थ अजिबात नाही. लिव्हरपूलच्या डॉक्टरांनी १९९९ ला लिहून ठेवलंय की पुन्हा पुन्हा मिसकॅरेज झालेल्या आणि कारण न सापडलेल्या बायकांपैकी साधारण ७५ टक्के जणींचं पुढचं गरोदरपण नीट पार पडलं.

आता जाऊबाईंकडे येते, कारण मला वाटतं तुझ्या घरात खरा वजनदार पुरावा तोच आहे, रिपोर्ट वगैरे सगळं नंतर.

२०१५ मधे प्रॉमिस नावाची एक ट्रायल छापून आली. ब्रिटन आणि नेदरलँड्समधल्या ८३६ बायका, प्रत्येकीचं तीन किंवा जास्त वेळा मिसकॅरेज झालेलं, कारण सापडलेलं नाही. अर्ध्या जणींना प्रोजेस्टेरॉन दिलं आणि अर्ध्या जणींना हुबेहूब तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी, कुणाला काय मिळतंय हे बाईलाही माहीत नाही आणि डॉक्टरलाही नाही. शेवटी मोजलं तर प्रोजेस्टेरॉनवाल्या ६५.८ टक्के जणींना मूल झालं आणि साध्या गोळीवाल्या ६३.३ टक्के जणींना. हा एवढासा फरक निव्वळ योगायोगानेही पडतो. पण मला त्यातला दुसरा आकडा जास्त बोलका वाटतो. तीन-तीनदा मिसकॅरेज झालेल्या बायका, औषध म्हणून पोटात काहीच गेलं नाही, आणि शंभरातल्या त्रेसष्ट जणींच्या मांडीवर मूल आलं.

त्या त्रेसष्ट जणींपैकी एखादीला त्याच महिन्यांत कुणी साडेतीन लाखांची इंजेक्शनं दिली असती तर ती आयुष्यभर शपथेवर सांगत फिरली असती की इंजेक्शनांनीच झालं. जूनमधे धोंडी धोंडी पाणी दे म्हणत गावभर फिरलं आणि जुलैत पाऊस आला, तसंच आहे हे. जाऊबाई खोटं बोलत नाहीयेत, त्यांच्याशी वाद घालू नकोस, पण इंजेक्शनं घेतली नसती तर काय झालं असतं हे त्यांनाही माहीत नाही आणि सेंटरलाही नाही. ते कळायला ट्रायलच लागते. म्हणून डॉक्टरांना विचारायचा पहिला प्रश्न हा: "हे न घेतलेल्या माझ्यासारख्या बायकांमधे किती जणींना मूल होतं?" आमच्याकडे इतके टक्के सक्सेस आहे असं उत्तर आलं तर ते या प्रश्नाचं उत्तर नाही, पुन्हा विचार.

प्रोजेस्टेरॉनचा विषय मात्र एवढ्यावर संपत नाही, नाहीतर तू माझं वाचून पुढच्या वेळी गरज असताना नाही म्हणशील. त्याच टीमने नंतर अजून मोठी ट्रायल केली, प्रिझम, २०१९ ला आली, ४१५३ बायका, आणि या सगळ्यांना सुरुवातीच्या आठवड्यांत ब्लीडिंग झालेलं होतं. सगळ्या मिळून फरक थोडाच दिसला, प्रोजेस्टेरॉनवाल्या ७५ टक्के जणींना मूल झालं आणि बाकीच्यांपैकी ७२ टक्के जणींना. पण ज्यांचं आधी तीन किंवा जास्त वेळा गेलं होतं आणि आता ब्लीडिंग होतंय, त्यांच्यात ७२ विरुद्ध ५७ असा चांगलाच फरक होता. म्हणून २०२१ पासून ब्रिटनच्या सरकारी गाइडलाइनमधे असं आलंय की आधी एकदा जरी मिसकॅरेज झालं असेल आणि या वेळी ब्लीडिंग दिसलं, तर आतून ठेवायची प्रोजेस्टेरॉनची गोळी द्या. म्हणजे तुझ्यासाठी अर्थ काय, तर पहिल्या दिवसापासून सरसकट इंजेक्शनं टोचून घ्यायला तसा आधार नाही, पण लाल डाग दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन याबद्दल बोलायचं. बाकी यादीतल्या गोष्टींच्या मानाने हे औषध स्वस्तही आहे आणि डॉक्टरांनी दिलंच तर त्यावरून भांडण्यात अर्थ नाही.

भांडायचंच असेल तर इम्युन थेरपीवरून भांड. या यादीत मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट तीच आहे.

त्यामागची कल्पना ऐकायला एकदम पटणारी आहे. गर्भ अर्धा बापाचा, म्हणजे आईच्या शरीराला अर्धा परका, मग आईचं शरीर त्याला बाहेर टाकतं, तर आधीच नवऱ्याच्या पांढऱ्या पेशी टोचून तिच्या शरीराला सवय लावू. १९८५ मधे लंडनच्या डॉक्टरांनी एक छोटी ट्रायल केली, नवऱ्याच्या पेशी दिलेल्या २२ पैकी १७ जणींचं गरोदरपण यशस्वी झालं आणि स्वतःच्याच पेशी दिलेल्या २७ पैकी फक्त १० जणींचं. जगभर हे सुरू झालं, होणारच, कुणीही हुरळून जाईल असे आकडे आहेत. मग अमेरिका आणि कॅनडात जास्त बायका घेऊन नीट ट्रायल झाली, १९९९ ला निकाल आला, आणि निकाल उलटा! पेशी टोचलेल्या बायकांपैकी ३६ टक्के जणींना यश आलं आणि नुसतं सलाइनचं पाणी टोचलेल्यांपैकी ४८ टक्के जणींना. म्हणजे फायदा तर नाहीच, झालं तर नुकसानच झालं असेल अशी शंका. २००२ मधे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सांगितलं की परवानगी घेतलेल्या संशोधनाबाहेर हे करायचं नाही. आपल्याकडे मात्र हे अजून पॅकेजमधे आहे, आणि दुसऱ्या माणसाच्या रक्तातल्या जिवंत पेशी अंगात घेणं म्हणजे इन्फेक्शनपासून पुढे सगळी जोखीम आलीच. याला तू स्पष्ट नाही म्हणावंस असं माझं मत आहे, सौम्य शब्दांत सांगायचं तर.

आता तू म्हणशील, घेतलं तर बिघडलं काय, झाला तर फायदाच. हे वाक्य मी इतक्या बायकांकडून ऐकलंय. अमेरिकेत १९४० नंतरच्या काळात मिसकॅरेज होऊ नये म्हणून डीईएस नावाचं हार्मोन लाखो गरोदर बायकांना दिलं जायचं. १९५३ मधे शिकागोला तपासून झालं की याचा काही उपयोग होत नाही, सगळं छापून आलं, तरी डॉक्टर पुढे अठरा वर्षं देतच राहिले, बायका घेतच राहिल्या, कारण घेतलं तर काय बिघडलं. १९७१ ला कळलं काय बिघडलं ते. त्या बायकांच्या मुलींना ऐन तारुण्यात योनिमार्गाचा एक अतिशय दुर्मिळ कॅन्सर व्हायला लागला, आणि आईला विचारलं तर बहुतेक जणींनी ते औषध घेतलेलं. तुझ्या यादीतलं प्रत्येक इंजेक्शन असं आहे असं मी म्हणत नाहीये, उगाच घाबरू नकोस. एवढंच की आशेपोटी घेतलेलं औषधसुद्धा औषधच असतं.

आता पोटात टोचायचं, रक्त पातळ करायचं इंजेक्शन. इथे मात्र तुला एक टेस्ट खरोखर करायची आहे. अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम म्हणून एक प्रकार असतो, त्यात शरीर काही अशी द्रव्यं बनवतं की रक्त गोठायची प्रवृत्ती वाढते आणि गर्भ टिकत नाही. ज्यांना हे आहे त्यांना ॲस्पिरिन आणि हेपारिनचा (म्हणजे रक्त पातळ करायच्या इंजेक्शनाचा) खरा उपयोग होतो, १९९७ च्या लंडनच्या ट्रायलमधे दोन्ही दिलेल्या ७१ टक्के जणींना मूल झालं आणि नुसत्या ॲस्पिरिनवाल्या ४२ टक्के जणींना. एवढा मोठा फरक या क्षेत्रात क्वचित बघायला मिळतो. पण हा आजार आहे की नाही हे रक्त तपासून ठरवायचं असतं, ल्युपस अँटिकोॲग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आणि बीटा-२ ग्लायकोप्रोटीन अशा तीन टेस्ट, आणि पॉझिटिव्ह आल्या तर कमीत कमी १२ आठवड्यांनी पुन्हा करून पक्कं करायचं, कारण साध्या तापानेसुद्धा तात्पुरत्या पॉझिटिव्ह येतात. तुझ्या पत्रात या टेस्टचं नावही नाही आणि इंजेक्शन मात्र आहे. हा आजार नसताना हेपारिन देऊन बघितलंय. कारण न सापडलेल्या बायकांमधे २०१० ला बघितलं, उपयोग नाही. रक्त गोठण्याचा आनुवंशिक दोष असलेल्या ३२६ बायकांमधे बघितलं, ती २०२३ ची ट्रायल, इंजेक्शनवाल्या ७१.६ टक्के जणींना मूल झालं आणि इंजेक्शन न घेतलेल्या ७०.९ टक्के जणींना. नऊ महिने रोज पोटाला टोचून घ्यायचं, काळेनिळे डाग, पैसे, आणि फरक पाऊण टक्क्याच्या आसपास.

टॉर्च टेस्टबद्दल मी चिडूनच लिहिणार आहे. रिपोर्ट काढून बघ, आयजीजी (जुन्या इन्फेक्शनची खूण) पॉझिटिव्ह आणि आयजीएम (ताज्या इन्फेक्शनची खूण) निगेटिव्ह असं असेल (बहुतेक तसंच असणार) तर त्याचा अर्थ कधीकाळी ते इन्फेक्शन होऊन गेलंय, बास. आपल्या देशात मोठ्या माणसांमधे यातलं काही ना काही पॉझिटिव्ह येतंच, तुझ्या सासूबाईंची टेस्ट केली तर त्यांचीही येईल. त्यातलं रुबेलाचं आयजीजी पॉझिटिव्ह असणं तर चांगली बातमी आहे, म्हणजे गरोदरपणात रुबेलापासून तुला संरक्षण आहे. पुन्हा पुन्हा होणाऱ्या मिसकॅरेजसाठी ही टेस्ट करू नका असं परदेशातल्या मोठ्या संस्थांच्या गाइडलाइन्स सांगतात, तरी आपल्याकडे पहिल्या व्हिजिटला ती लिहिली जाते आणि मग बाई वर्षानुवर्षं "मला टॉर्च आहे" असं आजार असल्यासारखं सांगत राहते.

आयव्हीएफचं थोडक्यात. तुला दिवस राहायला अडचण नाही, दोनदा आपोआप राहिलेत, आणि आयव्हीएफ मुळात दिवस राहण्यासाठी आहे. गर्भ तपासून घेतला की मिसकॅरेज टळेल हे तर्काला धरून वाटतं, पण चीनमधे १२१२ बायकांची ट्रायल झाली, २०२१ ला आली, तपासणी केलेल्यांपैकी ७७.२ टक्के जणींना मूल झालं आणि न केलेल्यांपैकी ८१.८ टक्के. त्या बायका मूल होत नाही म्हणून आयव्हीएफला आलेल्या होत्या, तुझ्यासारख्या नव्हत्या, तरी "टेस्ट केलेला गर्भ म्हणजे गॅरंटी" हे वाक्य त्यापुढे टिकत नाही. तुमच्या दोघांपैकी कुणाच्या क्रोमोसोममधे अदलाबदल निघाली तर गोष्ट वेगळी, तेव्हा त्यावर जरूर विचार करा, पण आधी ते निघू दे.

मग करायचं काय? दोन मिसकॅरेजनंतर तपासण्या करणं योग्यच आहे, युरोपातली तज्ज्ञांची संस्था तेच म्हणते. वर लिहिलेल्या त्या तीन टेस्ट, थायरॉइड, शुगर, आणि पिशवीच्या आकारासाठी चांगली थ्रीडी सोनोग्राफी. पिशवीत पडदा निघाला तर लगेच ऑपरेशनला हो म्हणू नकोस, त्यावर एक ट्रायल झालीय, ८० बायकांची, त्यात पडदा कापलेल्या ३१ टक्के आणि न कापलेल्या ३५ टक्के जणींना मूल झालं, छोटी ट्रायल आहे पण कापायची घाई नको एवढं नक्की सांगते. थायरॉइड नीट असेल आणि फक्त अँटिबॉडी पॉझिटिव्ह असतील तर गोळीने फरक पडत नाही, तेही तपासून झालंय. तुमच्या दोघांच्या क्रोमोसोमची टेस्ट डॉक्टरांशी बोलून. आणि देव न करो, पण पुन्हा काही झालं तर तो नमुना फॉर्मॅलिनमधे (नमुने टिकवायच्या रसायनात) न टाकता क्रोमोसोमच्या टेस्टला पाठवायला आधीच सांगून ठेवायचं, कारण फॉर्मॅलिनमधे गेला की ती टेस्ट नीट होत नाही. हे सगळं मिळून सोनं तारण ठेवण्याइतकं महाग पडत नाही. मिरजेचं सरकारी मेडिकल कॉलेज तुला जवळ आहे, तिथल्या गायनॅक ओपीडीत कागद घेऊन जा, गर्दी असेल, अर्धा दिवस जाईल, पण तिथे कुणी तुला पॅकेज विकणार नाही.

सेंटरलाच जायचं ठरलं तरी लक्षात ठेव, २०२१ च्या एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान) कायद्याप्रमाणे आयव्हीएफ करणारं सेंटर रजिस्टर्ड असावं लागतं आणि यशाची शक्यता, खर्च, धोके हे त्यांनी जोडप्याला आधी समजावून सांगायला हवं. विचारलं म्हणून कुणी चिडत असेल तर तुला तुझं उत्तर मिळालं.

तुझ्या अख्ख्या पत्रात नवऱ्याची एकही तपासणी दिसली नाही. रक्त द्यायला तयार आहे, सोनं ठेवायला तयार आहे, चांगलाच माणूस दिसतोय, पण त्याचं वय काय, तंबाखू-गुटखा खातो का, शुगर आहे का, यातलं काहीच तू लिहिलं नाहीस, आणि बहुतेक सेंटरवाल्यांनीही विचारलं नसावं. शुक्रजंतूंच्या डीएनएची टेस्ट असते, ती करायचा विचार करा असं युरोपच्या गाइडलाइनमधे आलंय. आणि टेस्ट राहू दे, तंबाखू सोडायला टेस्ट लागत नाही. तू मिश्री लावत असशील तर तीही बंद, लाजू नकोस, आपल्या भागात कितीतरी शिकलेल्या मुली लावतात आणि डॉक्टरांना सांगत नाहीत. फोलिक ॲसिडची गोळी दिवस राहायच्या आधीपासून सुरू कर.

आता सासूबाई. पिकलेली पपई खाऊन मिसकॅरेज होत नाही. उंदरांवर प्रयोग करून बघितलाय, पिकलेल्या पपईच्या रसाने त्यांच्या पिल्लांना काही झालं नाही, कच्च्या पपईच्या चिकाने पिशवीचे स्नायू आवळतात असं दिसलं होतं, तेव्हा चीक असलेली कच्ची पपई टाळ आणि विषय संपव. झोपून राहण्याने मिसकॅरेज थांबतं असा पुरावा नाही, उलट महिनोन्महिने पडून राहिलं तर पायात रक्ताच्या गाठी व्हायचा धोका वाढतो, आणि दिवसभर छताकडे बघत पडलेल्या बाईच्या डोक्यात काय चालतं ते वेगळंच. सासूबाईंना हे आकडे सांगून काही होणार नाही हे मला कळतंय. त्यांना डॉक्टरांच्या तोंडून ऐकू दे, पुढच्या व्हिजिटला सोबतच घेऊन जा आणि "डॉक्टर, स्कूटी चालवू का, कामावर जाऊ का" हे त्यांच्यासमोर विचार. त्याही घाबरलेल्या असणार, त्यांच्या काळी हे कुणी समजावून सांगितलंच नसेल.

नोकरी सोडू नकोस. हे मी सल्ला म्हणून नाही, जवळजवळ हट्टाने सांगतेय. पुढच्या गरोदरपणात डॉक्टरांनी काही कारणाने आराम सांगितलाच तर रजा टाकता येते. आणि तुला बहुतेक कुणी सांगितलं नसेल, मिसकॅरेजनंतर सहा आठवड्यांची पगारी रजा १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यापासून आपल्याकडे आहे, दहा किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत आणि आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असेल तर. तू दुसऱ्या वेळी चौथ्या दिवशी कामावर गेलीस असं लिहिलंयस, ते वाचून वाईट वाटलं. डॉक्टरांचा दाखला लागतो, एवढंच.

एक गोष्ट अशी आहे जी कुठल्याच पॅकेजमधे नसते आणि तू मागून घ्यायला हवीस. लंडनच्या एका क्लिनिकने १९९७ मधे लिहिलं होतं की कारण न सापडलेल्या ज्या बायका गरोदरपणाच्या सुरुवातीला वरचेवर तिथे येत होत्या, सोनोग्राफी, धीर, प्रश्नांना उत्तरं, यापलीकडे औषध काही नाही, त्यांच्यापैकी २६ टक्के जणींचं मिसकॅरेज झालं आणि ज्या येऊ शकल्या नाहीत त्यांच्यात ५१ टक्के. ही चिठ्ठ्या टाकून केलेली ट्रायल नव्हती, येऊ शकणाऱ्या बायका मुळातच वेगळ्या असतील, म्हणून मी यावर फार भार टाकणार नाही. पण यात नुकसान काय आहे? डॉक्टरांना आधीच विचारून ठेव की पहिले बारा आठवडे दर पंधरा दिवसांनी येऊन बघून गेले तर चालेल का, आणि भीती वाटली तर फोन कुणाला करायचा. आणि या वेळी तीन महिने कुणाला सांगायचं नाही ही प्रथा निदान एका माणसापुरती मोड. आई, बहीण, ऑफिसातली मैत्रीण, कुणीही. पुन्हा गेलंच तर ते एकटीने गिळायला लागू नये म्हणून.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी अजून दिलं नाहीये असं तुला वाटत असेल. घरचे माफ करतील का हे मी कसं सांगू, मी त्यांना ओळखत नाही. पण योग्य तपासण्या केल्या, निघालेल्या कारणावर औषध घेतलं आणि उपयोग नसलेल्या गोष्टींना नाही म्हटलं, याला "काही केलं नाही" म्हणत नाहीत हे नवऱ्याला आत्ताच समजावून ठेव, दिवस राहायच्या आधी, डोकं शांत असताना, दोघांनी मिळून कागदावर लिहा काय करायचं आणि काय नाही. म्हणजे उद्या काही झालं तर निर्णय दोघांचा होता हे त्या कागदावर असेल, एकट्या तुझ्या नावावर येणार नाही.

आणि पुढच्या वेळी पाळी चुकली की पहिली सोनोग्राफी साधारण सहा-सात आठवड्यांना कर, त्याआधी केलीस तर ठोके दिसत नाहीत म्हणून उगाच रडशील. पण त्या आधीच पोटात एका बाजूला जोरात दुखायला लागलं, चक्कर आली, खांद्यात कळ आली किंवा पॅड भिजेल एवढं ब्लीडिंग झालं तर गर्भ नळीत असू शकतो, तेव्हा सातव्या आठवड्याची वाट बघायची नाही, रात्र असली तरी हॉस्पिटल गाठायचं, आणि स्कूटी नवऱ्याला चालवू दे.